१९६६ ची फियाट ११००डी: परवडेल असा विमा कसा काढायचा?

माटुंगा_११००

नमस्कार मंडळी. घरची १९६६ ची फियाट ११००डी आहे. १०८९ सीसी, पेट्रोल, मूळ इंजिन, जुना तीन अक्षरी नंबर. आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे, पीयूसी चालू आहे. पॉलिसी मात्र पाच महिन्यांपूर्वी संपली. गाडी महिन्यातून दोन-तीन रविवारी सकाळी निघते, एरवी सोसायटीच्या स्टिल्टखाली कव्हर घालून उभी असते.

ऑनलाइन कुठेच हे मॉडेल यादीत सापडत नाही. एक एजंट म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला नुसती थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) घ्या. दुसरा फुल इन्शुरन्स द्यायला तयार आहे, पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ५०,००० च लावतो, म्हणजे हप्ता कमी बसेल म्हणे. अशा स्थितीतल्या गाडीला बाजारात चार लाखांच्या आसपास भाव आहे. व्हिंटेज गाड्यांना विम्यात सवलत असते असंही ऐकलं. ती या गाडीला मिळते का? आणि वर्षाला साधारण किती खर्च धरून चालायचं?

सर्व्हे_रिपोर्ट

५०,००० ची आयडीव्ही अजिबात घेऊ नका. यात हप्ता वाचतो, पण गाडी जाण्याची शक्यता वाढते. कसं ते सांगतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की पॉलिसीच्या अटींप्रमाणे गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) धरली जाते. तुमच्या बाबतीत ही मर्यादा येते ३७,५००. आज मुंबईत फियाटचं बॉनेट, ग्रिल आणि एक मडगार्ड सरळ करून पुढचा भाग रंगवायचा म्हटलं तरी एस्टिमेट याच्या वर सहज जातं. म्हणजे सिग्नलला मागून रिक्षा आदळली आणि गाडी पुढच्या टेम्पोवर गेली, एवढ्यावर कंपनी म्हणू शकते की ५०,००० घ्या आणि गाडी सोडा, किंवा गाडी ठेवा आणि भंगाराची किंमत वजा करून उरलेले घ्या. चार लाख आयडीव्ही असेल तर हीच मर्यादा तीन लाखांवर जाते आणि तोच अपघात साधा दुरुस्तीचा क्लेम ठरतो.

५०,००० हा आकडा कुठल्या नियमातून आलेला नाही. आयडीव्हीचं घसाऱ्याचं कोष्टक पाच वर्षांपर्यंतच आहे (सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, असं करत पाचव्या वर्षी ५० टक्के). पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. आणि एकदा ती पॉलिसीत लिहिली गेली की त्या वर्षभरात टोटल लॉस किंवा चोरीच्या क्लेमला तीच बाजारभाव मानली जाते, त्यावर पुन्हा घसारा लागत नाही. त्यामुळे भांडायचं ते पॉलिसी घेताना, क्लेमच्या वेळी नाही.

शाखेत जाताना हे घेऊन जा: परवानाधारक सर्व्हेअरचा व्हॅल्युएशन रिपोर्ट, चारही बाजूंचे आणि इंजिन, डॅशबोर्ड, डिकी, गाडीचा तळ यांचे फोटो, गेल्या काही वर्षांतली पत्र्याची, रंगाची आणि इंजिनची बिलं, आणि याच मॉडेलच्या विक्रीच्या तीन-चार जाहिरातींच्या प्रती. ऑनलाइन यादीत मॉडेल नसणं हा अडथळा एजंटच्या सॉफ्टवेअरचा आहे. शाखेतला अंडररायटर (विमा द्यायचा की नाही ते ठरवणारा अधिकारी) मॉडेल हाताने भरू शकतो. सरकारी कंपन्यांच्या फोर्ट-चर्चगेटकडच्या मोठ्या कार्यालयांत हे काम जास्त सुरळीत होतं, कारण तिथे निर्णय घेणारा माणूस त्याच इमारतीत बसतो.

आता हप्ता. ओन डॅमेजचे (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागाचे) दर २००७ पासून कंपन्यांच्या हातात आहेत, पण तुलनेसाठी जुनं टॅरिफ (दरपत्रक) अजून कामाला येतं. मुंबई झोन ए मध्ये येते (टॅरिफमधला मोठ्या शहरांचा गट). १००० ते १५०० सीसी आणि दहा वर्षांवरची गाडी म्हणजे दर ३.५२९ टक्के. चार लाखांवर १४,११६ रुपये. कंपनीने यापेक्षा जास्त आकडा सांगितला तर कारण विचारा, कमी करून मागा.

सवलती अशा:

ऐच्छिक वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची. २,५०० ला २० टक्के सूट, कमाल ७५०. ५,००० ला २५ टक्के, कमाल १,५००. ७,५०० ला ३० टक्के, कमाल २,०००. १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५००. माझ्या मते ५,००० वर थांबा. १५,००० ला गेलात तर वर्षाला आणखी हजारच वाचतात आणि प्रत्येक क्लेमला दहा हजार जास्त जातात.

मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल (मुंबईत चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन) तर ५ टक्के, पण कमाल २०० रुपये. नुसत्या या २०० साठी सभासद होऊ नका. आधीच असाल तर क्रमांक पॉलिसीवर चढवून घ्या.

एआरएआय (वाहनांची चाचणी घेणारी पुण्याची संस्था) मान्यतेचं चोरीविरोधी उपकरण: अडीच टक्के, कमाल ५००. बॅटरीचा कट-ऑफ स्विच यात बसत नाही, पण बसवाच. जुन्या वायरिंगला रात्रभर करंट राहू नये म्हणून.

पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर, १५ लाखांचं. मालक-चालकाला ते सक्तीचं असलं तरी २०१९ पासून प्रत्येक गाडीवर वेगळं घ्यावं लागत नाही. रोजच्या गाडीवर किंवा स्वतंत्र पॉलिसीत असेल तर त्याची प्रत जोडा आणि इथून काढून टाकायला सांगा. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, तिथे घासाघीस नाही. १ जून २०२२ पासून १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. तुमची १०८९, म्हणजे ३,४१६. जुन्या आरसी बुकात सीसीऐवजी हॉर्सपॉवर लिहिलेली असते आणि ती वाचून कोणी गाडी भलत्याच गटात टाकतं, ते तपासा. (स्टँडर्ड हेराल्ड ९४८ सीसी, तिला पहिला गट.)

पॉलिसी संपून ९० दिवस उलटलेत, म्हणजे जुना नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला. आता तपासणीशिवाय ओन डॅमेज मिळणार नाही. तपासणीला गाडी चालवत नेऊ नका. विमा नसताना रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. आणि अपघात झाला तर समोरच्याची भरपाई पूर्ण तुमच्या खिशातून. सर्व्हेअरला सोसायटीत बोलवा. तो इंजिन आणि चासी नंबर पाहील, चासी नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा घेईल. त्याआधी त्या जागेवरचा रंग-ग्रीस साफ करून ठेवा. अनेकदा तिथे रंगाचे इतके थर असतात की एक आकडा वाचताच येत नाही आणि फाइल अडते.

ताडदेव_पासिंग

व्हिंटेज सवलतीबद्दल. गोंधळ होतो कारण व्हिंटेजच्या दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत.

एक जुन्या मोटर टॅरिफमधली: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. तिला ओन डॅमेजवर २५ टक्के सूट (आयएमटी ९ या क्रमांकाचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं कलम) आणि ठरवलेल्या किमतीची, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी. १९६६ ची फियाट यात बसत नाही.

दुसरी केंद्रीय मोटार वाहन नियमांतली, जुलै २०२१ पासूनची: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली. तुमची यात बसते. अशी व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. ३,४१६ चे १,७०८ होतात.

पण नुसत्या विम्यासाठी ही नोंदणी करायची असेल तर आधी हिशेब करा. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. तुमची वार्षिक बचत १,७०८ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,०१५. दहा वर्षांत २०,१५०. फी जेमतेम निघाली. १५०० सीसीवरच्या गाडीचं गणित वेगळं आहे. तिथे वर्षाला जीएसटीसकट ४,६५९ वाचतात, फी पाचव्या वर्षीच वसूल. तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट धरायला हवी: ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या साध्या आरसी नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे, आणि ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. त्यामुळे तुमचं पुढचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर व्हिंटेज नोंदणी स्वस्त पडते. नुकतंच झालं असेल तर घाई नको.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न वापराचा आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, देखभाल, तांत्रिक संशोधन एवढंच. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर चक्कर मारायला आवडत असेल तर ती चक्कर यात कुठे बसवणार ते आधी ठरवा. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म २०. सोबत जुनं आरसी, चालू विमा पॉलिसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री. पॉलिसी आधी लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी थर्ड पार्टी पूर्ण दरानेच भरावी लागते. नोंदणीचा फॉर्म २३ए हातात आला की पुढच्या नूतनीकरणाला तो जोडून ५० टक्के सूट मागा. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. व्हीए अक्षरांचा नवा नंबर फक्त पहिल्यांदा नोंदणी होणाऱ्या गाड्यांना.

त्याआधी एक काम करा. वाहन पोर्टलवर तुमचा नंबर टाकून पाहा. आरसी जुन्या पुस्तकातच राहिलं असेल, डेटा चढला नसेल, तर ज्या आरटीओत नोंद आहे तिथे (ताडदेव, अंधेरी, वडाळा) बॅकलॉग एंट्री करून घ्या. विमा कंपनीची प्रणाली तिथूनच माहिती ओढते. नोंद नसेल तर अंडररायटर तयार असूनही पॉलिसी छापली जात नाही. नूतनीकरण झालंय म्हणता, म्हणजे नोंद असावी, पण इंजिन नंबरमधला एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहा.

माटुंगा_११००

दोघांचे मनापासून आभार. नूतनीकरण मागच्याच वर्षी झालंय, म्हणजे व्हिंटेज नोंदणी सध्या बाजूला ठेवतो. आणखी दोन शंका. नुसती थर्ड पार्टी अधिक आग-चोरी असा मधला प्रकार घेतला तर? आणि पावसाळ्याचे चार महिने गाडी बाहेरच काढत नाही, तेवढ्याचा हप्ता वाचवता येतो का?

सर्व्हे_रिपोर्ट

मधला प्रकार आहे, स्वस्तही आहे. पण त्यात पूर नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कल-गांधी मार्केटच्या बाजूला असाल, किंवा हिंदमाताच्या आसपास, तर तुमच्या गाडीला सर्वांत मोठा धोका पाण्याचाच आहे. स्टिल्टमध्ये फूटभर पाणी साचलं तरी कार्पेट, सीटची खालची चौकट, ब्रेक ड्रम, स्टार्टर, डायनॅमो सगळं गेलं. मलबार हिलला वरच्या पोडियमवर गाडी उभी असती तर मीच तुम्हाला थर्ड पार्टी अधिक आग-चोरी सुचवलं असतं.

गाडी उभी ठेवण्याची सूट असते, आयएमटी ११. सलग किमान दोन महिने गाडी गॅरेजमध्ये बंद हवी आणि तसं कंपनीला आधी लेखी कळवलेलं हवं. त्या काळात थर्ड पार्टीही स्थगित होते, म्हणजे पेट्रोल भरायलासुद्धा गेटबाहेर नेता येत नाही. रस्त्यावर उभ्या गाडीला हे लागू नाही. घेतलीच तर एन्डोर्समेंटचा मजकूर वाचा: आग, चोरी आणि पूर या तिन्हींचं संरक्षण चालू राहतं असं त्यात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नसेल तर सही करू नका. पुराच्या महिन्यांत पुराचं कव्हर बंद करण्यात काही अर्थ नाही.

पाणी शिरलं तर इंजिन सुरू करून पाहू नका. बुडाल्यामुळे झालेलं नुकसान क्लेममध्ये येतं. पाणी सिलिंडरमध्ये असताना स्टार्टर मारून कनेक्टिंग रॉड वाकला तर ते पश्चात नुकसान म्हणून नाकारलं जातं. बॅटरीची तार काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, उचलून न्या. टोइंगचे पॉलिसीतून साधारण १,५०० मिळतात, फ्लॅटबेडला ते पुरत नाहीत. थोडा जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून घ्या.

तुमचा ढोबळ हिशेब: ओन डॅमेज १४,११६, वजा १,५०० (वजावट ५,०००), म्हणजे १२,६१६. अधिक थर्ड पार्टी ३,४१६. एकूण १६,०३२, जीएसटी २,८८६, सगळं मिळून १८,९१८. ही वरची मर्यादा समजा. ओन डॅमेजच्या दरावर कंपनी सूट देईल तसा आकडा खाली येईल. नुसत्या थर्ड पार्टीला जीएसटीसकट ४,०३१.

घरातली रोजची गाडी विकायची असेल तर तिचा नो क्लेम बोनस कंपनीकडून लेखी राखून घ्या. ते पत्र तीन वर्षं चालतं आणि दुसऱ्या खासगी गाडीला लावता येतं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. ५० टक्के बोनस लागला तर वरचा ओन डॅमेजचा आकडा जवळपास निम्मा होतो. पण एकच बोनस दोन गाड्यांना नाही. नवी महाग गाडी घेणार असाल तर तो तिथेच वापरणं फायद्याचं.

कुर्ला_गॅरेज

क्लेमच्या बाजूचं लिहितो, कारण फुल इन्शुरन्स घेऊनही निम्मेच पैसे आले अशी तक्रार जुन्या गाडीवाल्यांची नेहमी असते.

दहा वर्षांवरच्या गाडीला बदललेल्या पत्र्याच्या आणि लाकडी भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवरही ५० टक्के. काचेवर काही नाही. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) या वयाच्या गाडीला मिळत नाही, त्यामागे लागू नका. पण मजुरीवर घसारा नाही, आणि सगळी मेख इथे आहे. फियाटचा जुना पत्रा जाड असतो, ठोकून सरळ होतो. बाजारात मिळणारं नवं मडगार्ड बहुतेकदा पातळ असतं, दरवाजाशी रेष जुळत नाही. त्यामुळे पत्रा बदलण्यापेक्षा डेंटिंग करणं गाडीलाही बरं आणि क्लेमलाही.

एस्टिमेट एका आकड्यात देऊ-घेऊ नका. सुटं करा: भाग ३०,०००, डेंटिंगची मजुरी १८,०००, पेंटिंग २४,०००. भागांचे निम्मे, १५,०००. डेंटिंगचे पूर्ण १८,०००. पेंटिंगमध्ये साहित्य २५ टक्के धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे ३,००० जाऊन २१,०००. बेरीज ५४,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीवर २,०००) आणि तुमची ऐच्छिक ५,०००. हातात ४८,०००, बिल ७२,००० चं. हेच बिल 'पुढचा भाग नवीन बसवला' असं एकठोक लिहिलं असतं तर बरंच कमी मिळालं असतं. बंपरचं क्रोम प्लेटिंग करून घेतलं तर त्याचंही जॉबवर्कचं वेगळं बिल घ्या.

सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत एक नटही खोलू नका. आणि चोर बाजारात किंवा कुर्ल्याला जुना भाग मिळाला, तर बिलाशिवाय त्याचा क्लेम होत नाही. दुकानदार बिल देत नसेल तर भाग गॅरेजला खरेदी करू द्या आणि गॅरेजच्या जीएसटी बिलात लावा.

सीएनजी किट कधी बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवं. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये एवढाच फरक पडतो. किट काढून टाकलं असेल तर आरसीवरूनही काढा. आग लागलेल्या गाडीच्या क्लेममध्ये इंधनाची नोंद सगळ्यात आधी तपासतात. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते आतून फुगतात, चिरतात, आणि गळती नेमकी गरम एक्झॉस्टच्या बाजूला होते. इथेनॉलला टिकणारा पाइप मागून घ्या, मीटरभर पुरतो.

गोरेगाव_लोकेशन

मुंबईत जुनी फियाट म्हटली की शूटिंगवाले आणि लग्नवाले विचारत येतात. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही. दिवसाचे चार पैसे घेतले आणि सेटवर गाडी ठोकली, तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो. द्यायचीच असेल तर निर्मात्याच्या विम्यात गाडीचा नंबर आणि किंमत लिहून घ्या, पत्र हातात आल्यावरच चावी द्या, आणि गाडी फ्लॅटबेडवरून ने-आण करायला सांगा.

माटुंगा_११००

आणि क्लबची रॅली? त्यात तर भाडं नसतं.

ताडदेव_पासिंग

संथ मिरवणूक आणि मैदानावरचं प्रदर्शन असेल तर सहसा अडचण येत नाही. पण पॉलिसीच्या वापराच्या अटींत शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) वगळलेल्या असतात. वेळ किंवा अंतराचे गुण असलेली रॅली असेल तर आयएमटी ३१ हे एन्डोर्समेंट त्या तारखांपुरतं घ्या. आयोजकांचं माहितीपत्रक अर्जाला जोडा आणि किमान आठवडाभर आधी शाखेत द्या. रॅली बहुतेक रविवारी असते, शनिवारी दुपारी आठवण झाली तर शाखेत कोणी भेटत नाही.